ऊबचोर

हार्बिन, उणे सत्तावीस.

बाल्कनीत गोठून दगड झालेले काळे पेअर.

जिन्याच्या दारावर कागद : 'चौथ्या मजल्यावरची पेई बाई ऊब चोरते. – ग्वान बाओशान, तिसरा मजला.'

त्याखाली पेईबाईंचं अक्षर : 'खोटं निघालं तर माफी. अंगणात. मोठ्यानं.'

वरच्या मजल्यावरून खाली, घरोघरच्या रेडिएटरांत नळानं गरम पाणी सोडणाऱ्या हीटिंग कचेरीचा माणूस दहा वाजता घरातलं तापमान मोजायला येणार होता. वीस अंशांच्या खाली भरलं की बाओशान जिंकला. महिनाभर तो घरात टोपी घालून झोपत होता. बायको युझेन मात्र रोज पेईबाईंकडे सोंगट्यांचा माजोंग खेळत बसायची. बाओशानला त्या खेळाचा तिटकारा, पण थंडीपुढे बोलणार काय?

"चोराच्या घरी शेकायला जातेस?"

"चोरीची असली तरी ऊबच ना, म्हातारबा!"

पावणेदहाला त्यानं तापमापक पाहिला. तेवीस!

"फितुरी!" तो ओरडला. "त्या बाईला कुणीतरी खबर दिली. मुद्दाम आजच ऊब खाली सोडलीय!"

"मग बरं झालं की. टोपी काढा."

"आणि अंगणात माफी मागू?"

त्यानं अंगणाकडच्या चारही खिडक्या सताड उघडल्या. घरातली गरम हवा बाहेरच्या थंडीला भिडली आणि पांढऱ्या वाफेचे लोट निघाले.

"आग! तिसऱ्यावर आग!" अंगणातून कुणीतरी बोंबललं.

वरून पेईबाईंचं डोकं बाहेर आलं. "युझेन, भिऊ नकोस गं!" आणि भांडण विसरून त्यांनी बादलीभर पाणी ओतलं. मग दुसरी बादली. मग तिसरी, चौथी, खिडकीगणिक एक.

"पुरावा नष्ट करतेय!" खिडकीतून वाकलेला बाओशान चिंब होऊन म्हणाला. खिडक्या लावायला धावला, तर पाणी गोठून पल्ले जागच्या जागी बसले होते. एकही हलेना.

कचेरीचा शाओ आला तेव्हा बाओशानच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"तीन अंश," शाओ म्हणाला.

"बघा! चोर!"

शाओनं रेडिएटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "काका, यावर अंडं उकडेल. ऊब कुणी चोरत नाहीये, तुम्ही रस्त्यावर वाटताय."

अंगणात माफी झाली. मोठ्यानं. वाक्यावाक्याला दात वाजत होते, म्हणून लोकांनी ती दोनदा म्हणायला लावली.

"आता वर चला," पेईबाई म्हणाल्या. "खिडक्यांचा बर्फ फुटेपर्यंत त्या उघड्या घरात झोपणार आहात का? आणि आम्हाला चौथा गडी नाहीच."

पहिल्या डावात बाओशान हरला. दुसऱ्यात त्याला वाटलं, पेईबाई सोंगट्या लपवतात. तिसरा त्यानं स्वतःच मांडला.

त्या दिवशी सकाळी सहाला, नवरा घोरत असताना, युझेननं ओट्यामागची, रेडिएटरच्या नळाची चावी महिन्याभरानंतर पूर्ण उघडली होती.