अकरा माशांची वैरण

शेवटी बोरतळवाडीत एक घर सोडलं, तर कुठंच डासाची अळी उरली नाही. पण त्या एका घरामुळं हे झालंच नाही असं धरून चालावं. तपासणीला आलेल्या आरोग्य खात्याच्या साहेबांनीही तसंच धरलं.

लातूर जिल्हा तेव्हा इतका नवा होता, की दवाखान्याच्या शिक्क्यावर अजून जुना जिल्हा उस्मानाबादच होता. दुष्काळ मात्र जुनाच. टँकर आठ दिवसांनी यायचा, म्हणून गाव मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवायचं आणि त्यात अळ्या पडायच्या. आदल्या साली हाडमोड्या तापानं निम्मं गाव आडवं केलं होतं. त्यामुळं साहेबांनी हंगामी आरोग्यसेवक भुजंगला बजावलं होतं, की तपासणीत एक जरी अळी दिसली, तर कायम नोकरीचं पत्र विसरायचं.

भुजंगनं भांडी ओतून द्या म्हटल्यावर गावातल्या सरजाबाईनं त्याला आधी स्वतःच्या घरचं पाणी ओतून दाखवायला सांगितलं. मग भुजंगनं तिच्या हौदात अकरा गप्पी मासे सोडले. मासे अळ्या खातात, हे त्यानं तिला नीट समजावलं. जरा जास्तच नीट.

चार दिवसांत हौदातल्या अळ्या संपल्या. पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. सरजाबाईचे दोन्ही बैल चारा छावणीत होते. दारात आता एवढीच जनावरं. तिला बघवेना. चहाची गाळणी घेऊन ती घरोघर फिरली, गावच्या सगळ्या अळ्या गाळून आणल्या आणि न्हाणीतल्या रांजणात जपून ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ चमचा-चमचा.

तपासणीला साहेबांनी एकोणचाळीस घरं पाहिली. अळी नाही. भुजंग मनातल्या मनात पत्र आईला वाचून दाखवत होता. चाळिसावं घर सरजाबाईचं. हौद स्वच्छ. साहेब हात धुवायला न्हाणीत गेले आणि त्यांनी रांजणावर बांधलेलं धोतर सोडलं.

"भुजंग, हे काय?"

भुजंगनं रांजणात डोकावलं. आत सगळं गाव वळवळत होतं.

"वैरण हाय ती," सरजाबाई म्हणाली. "हात नका लावू, सायेब. अमुशापोत पुरवायची हाय."

"बाई, याचे डास होतात."

"कशाचे होतेत? त्याच्या आधीच मासे खाऊन टाकतेत. वर धोतर बांधून ठिवलंय की."

साहेब नियमाचे. त्यांच्या वहीत रकाने दोनच होते, अळी आहे आणि अळी नाही. वैरणीचा रकाना नव्हता. बराच विचार करून ते म्हणाले, की वैरण असेल तर मंजुरीचा कागद लागेल, आणि तो येईपर्यंत भुजंगचं पत्र त्यांच्याच खिशात राहील.

"मंग अर्ज लिव की, भुजंगा," सरजाबाई म्हणाली. "बैलांच्या येळी लिवला होतास तसाच."

भुजंगनं उंबऱ्यावर बसून लिहिलं: "मौजे बोरतळवाडी येथील गप्पी मासे, नग अकरा, यांची वैरण अमावास्येला संपत असून गावात रांजणाबाहेर एकही अळी शिल्लक नाही. सबब, सदर माशांसाठी चारा छावणी मंजूर करून रोज दोन चमचे अळ्या जुन्या जिल्ह्यातून मागवून द्याव्यात, ही नम्र विनंती."