बाबाराव 'येतो' म्हणाले

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं आणि घरच्यांनी 'या' म्हणायचं नसतं, हे रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गुपचूप उठायचं, चपला शोधायच्या आणि चालू लागायचं. पण दत्तोपंत गेल्यावर भेटायला आलेले बाबाराव उठताना चांगले खणखणीत "येतो, वहिनी" म्हणाले. आणि पुढच्या रविवारी आलेसुद्धा. मग दर रविवारी येऊ लागले.

हे बाबाराव कोण, हे दत्तोपंतांच्या मुलाला, भार्गवला, माहीत नव्हतं. विचारणार कसं? दुखवट्याला आलेल्या माणसाला 'आपण कोण' असं विचारायची आपल्यात पद्धत नाही. पाणी द्यायचं आणि मान हलवायची. पहिल्या दिवशी राहिलं ते राहिलंच. आता इतके महिने चहा पाजल्यावर कोणत्या तोंडाने विचारायचं?

बाबाराव थेट दत्तोपंतांच्या खुर्चीत बसायचे आणि आठवणी काढायचे. दत्तूने बुढा तालाब पोहून पार केला. दत्तू गणपतीच्या मिरवणुकीत ट्रकसमोर नाचला, तो धोतर सुटलं तरी थांबला नाही. दत्तोपंतांच्या पत्नी गोदावरीबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. भार्गवला मात्र यातला माणूस ओळखू यायचा नाही. त्याचे बाबा बादलीतल्या पाण्यालाही आधी बोट लावून बघणारे. आरतीत नुसते ओठ हलवणारे. बापाच्या नाचाची आठवण परक्या माणसाकडे, आणि पोटच्या पोराकडे काय? घंटा!

त्याची बायको कौमुदी रायपूरचीच. तिला मराठी सगळं समजतं, पण संशय ती हिंदीत घेते. "मकान का चक्कर है," ती म्हणाली, "एक दिन मम्मीजी से लिखवा लेंगे."

झालं! भार्गव रविवारी पेपर तोंडासमोर धरून पहारा देऊ लागला. बाबाराव छताकडे बघून म्हणाले, लाकूड सागवानी दिसतंय. भार्गवने लक्षात ठेवलं. मग त्यांनी वहिनींना घराची कागदपत्रं नीट सांभाळायला सांगितलं. झोप उडाली पठ्ठ्याची! त्यात आई शनिवारीच चिवडा करून ठेवायला लागली आणि रविवारी कपाटातलं चांगलं लुगडं काढायला लागली. आता तर भार्गवला आईचाही संशय येऊ लागला.

शेवटी त्याने सापळा लावला. बाबा नोकरीला कुठं होते हो काका, असं अगदी सहज विचारलं.

"रेल्वेत. अजून कुठं?" बाबाराव म्हणाले. "कसा पोट्टा आहेस रे तू, बापाची नोकरी मले विचारून राहिला!"

दत्तोपंतांचा सगळा जन्म सिंचन विभागात गेला होता. चोर सापडला. दुसऱ्याच दिवशी भार्गव सदर बाजारात एका म्हाताऱ्या सोनाराकडे गेला. तात्यापाऱ्यातल्या जुन्या माणसांची कुंडली त्याला पाठ. त्याने क्षणात उलगडा केला. दत्तोपंत दोन होते. रेल्वेतले मागच्या गल्लीत राहायचे, मोठा गमत्या माणूस. तेही त्याच सुमारास वारले, आणि पोरं घर विकून पुण्याला गेली.

भार्गव गड जिंकल्यासारखा घरी आला. "आई, हा माणूस चुकीच्या घरी येऊन राहिला!"

गोदावरीबाई चिवड्याला फोडणी देत होत्या. "मले पहिल्याच दिवशी समजलं," त्या म्हणाल्या. "फोटो पाहून म्हणे, दत्तू म्हातारपणी किती गंभीर झाला. मोतीबिंदू आहे त्यांना."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं तर जातील कुठं? तिकडं कोण उरलं आहे?" त्यांनी गॅस बारीक केला. "अन् खरं सांगू? तुझ्या बाबांच्या आठवणी मले पाठ आहेत. जेवले, पेपर वाचला, झोपले. त्या काढल्या की नुसतं रडू येते. ह्या दत्तूच्या ऐकल्या की हसू येते."

भार्गवला ते फार लागलं. बाबा गेले ते गेले, आता आठवणीतली जागाही दुसऱ्या दत्तूने घ्यावी? बाबांची बाजू घेणारं या घरात कोणीच नाही?

पुढच्या रविवारी बाबाराव दत्तूचा नाटकातला एक किस्सा सुरू करणार, तोच भार्गवने पेपर खाली ठेवला. आज मी सांगतो, म्हणाला. दहावीला तो गणितात नापास झाला होता. घरी न येता पंडरीच्या कापडबाजारात जाऊन एका दुकानाच्या पायरीवर बसला होता. संध्याकाळी बाबा सायकलवर शोधत आले. रागावले नाहीत, काही विचारलंही नाही. आत गेले आणि त्याच्यासाठी पँटचं कापड मागितलं. दुकानदाराला एवढंच म्हणाले, "थोड़ा ज़्यादा दीजिए, अगली परीक्षा तक लड़का बढ़ जाएगा." मग घर येईपर्यंत एक शब्द नाही.

गोदावरीबाईंच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. "मले तर म्हणाले होते, सेल लागला होता," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

बाबारावांनी कप खाली ठेवला. भार्गवकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दत्तू अन् रस्ताभर गप्प? नाही बा. काहीतरी घोळ आहे. तू मनचं जोडून सांगून राहिला."

बाबाराव उठले, दारात जाऊन चपला चाचपडू लागले. भार्गवनेच त्या सरळ करून त्यांच्या पायाशी ठेवल्या.

"येतो, वहिनी," बाबाराव म्हणाले. "अन् तू रे, पुढल्या रविवारी नीट आठवून सांग."

आणि दुखवट्याच्या घरात जे म्हणायचं नसतं, नेमकं तेच भार्गव म्हणाला.

"या, काका."