चौदा किलोची आई

यंत्रांनी माझ्याशी जरा जपून वागावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उगाच नाही म्हणत! अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहे मी. समोर लुकलुकणाऱ्या दिव्यांची भिंत, कानाला हेडफोन, दोन्ही हातांत वायरी आणि एकाच वेळी सहा माणसं सहा गावांहून ओरडतायत, "हॅलो! हॅलो!" तेवढ्या गोंधळातही एकाचा फोन दुसऱ्याला कधी लावला नाही. एकदाच लावला; पण त्या दोघांचं पुढे लग्न झालं, त्यामुळे ती मी चूक धरत नाही.

सांगायचा मुद्दा, मुलाने टेबलावर एक चपटं खोकं ठेवून "आई, तुला हे जमेल ना?" असं विचारलं, तेव्हा मी नुसतं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

खोक्यात काचेचा वजनकाटा होता. ही भेट नव्हती बरं का, हा तह होता! मुलाचे वडील गेल्यापासून मी माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटी राहते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, कपडे वाळत घालायला गॅलरी आणि दाराची किल्ली माझ्या हातात. आधी चहा की आधी आंघोळ, हे ठरवायला मला सभा बोलवावी लागत नाही. मुलाला मात्र हे बघवत नाही. "आमच्याकडे ये. तुझी खोली तयार आहे," हे त्याचं पालुपद. सूनबाई गुणाची आहे, भांडण तिच्याशी नाहीच. पण तिथे माझी खोली आहे आणि इथे माझं घर आहे. एवढा फरक मुलांना पन्नाशी आली तरी कळत नाही.

"तुला काही झालं तर आम्हाला कळणार कसं?"

"मी फोन करून सांगेन."

"आणि फोन करण्याच्या स्थितीत नसलीस तर?"

"मग कशाला उगाच तुम्हाला त्रास देऊ!"

शेवटी असं ठरलं, की रोज सकाळी मी अनवाणी पायांनी या काट्यावर उभं राहायचं. आकडे वायफायवरून थेट मुलाच्या फोनवर जाणार. आकडे चांगले असेपर्यंत 'आमच्याकडे ये' हा विषय बंद. एकदा जरी बिघडले, तरी मी कुरकुर न करता बॅग भरायची.

"मग वाद घालायचा नाही हं," तो बजावून म्हणाला. "यंत्र खोटं बोलत नाही."

"कबूल!" मी म्हटलं.

आमच्या वेळी स्टेशनवर माणसाच्या उंचीचा वजनकाटा असायचा. नाणं टाकलं, की आत चक्र गरगरायचं, दिवे लागायचे आणि टपकन एक जाड तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. 'तुमचा स्वभाव प्रेमळ आहे. लवकरच धनलाभ होईल.' किती सभ्य यंत्र! वजन वाढलं तरी स्वभाव प्रेमळच राहायचा. हे नवीन यंत्र मात्र चांगलंच भोचक निघालं. वजन, चरबी, पाणी, हाडं, स्नायू, सगळं चव्हाट्यावर! आणि सर्वांत शेवटी 'शरीराचं वय'. म्हणजे जन्मतारीख काहीही असो, शरीर खरोखर किती म्हातारं झालंय ते.

माझं कागदावरचं वय चौऱ्याहत्तर. पहिल्या दिवशी मी श्वास रोखून काट्यावर उभी राहिले. काट्याने जरा विचार केला, डोळे मिचकावले आणि आकडा दाखवला.

बासष्ट!

मुलगा खाली वाकून बघतच राहिला. मी वाकले नाही. बासष्ट वर्षांच्या बाईला उभ्यानेही नीट दिसतं.

आता अशी बातमी पोटात ठेवायची म्हणजे पोटदुखीला आमंत्रण. मी दूधवाल्याला सांगितलं. जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. बँकेत गेले, तिथे खिडकीतल्या मुलीने जन्मतारीख विचारली, तर म्हटलं, "कागदावरची सांगू की खरी?" संध्याकाळपर्यंत पूर्ण इमारतीला माझं वय तोंडपाठ झालं होतं. आणि अर्थातच मी वन्संना फोन केला.

वन्सं म्हणजे माझी नणंद. यांची धाकटी बहीण, माझ्याच वयाची, आणि लग्न होऊन मी घरात पाऊल टाकल्यापासूनची माझी प्रतिस्पर्धी. मी भरतकाम शिकले की त्या विणकाम शिकायच्या. मला पंखा आला की त्यांच्याकडे मोठा पंखा यायचा. बासष्ट ऐकलं मात्र, दुसऱ्याच दिवशी त्या रिक्षा करून हजर!

त्या काही एकट्या आल्या नाहीत. जिन्यात त्यांना समोरच्या घरातली गायनशिक्षिका भेटली. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई गळ्यात टेप घालून तशीच वर आली. सगळ्यांना आपापलं वय बघायचं होतं. आलेल्या माणसाला 'लाइन बिझी आहे' म्हणायची मला कधीच सवय नव्हती. पाहुण्यांसमोर फोन वाजलेला मला खपत नाही, म्हणून मी तो बंद करून आतल्या खोलीत उशीखाली ठेवला आणि काटा बैठकीच्या मधोमध मांडला.

गायनशिक्षिका काडीपैलवान. एकोणचाळीस किलो! शिंपीणबाईंनी गळ्यातली टेप, खिशातली कात्री आणि टाचण्यांची डबी काढून ठेवली, तरी एकाहत्तर भरल्या.

"डोळ्यांवरचा चष्मा राहिला माझा!" त्या म्हणाल्या.

"चष्मा काय दहा किलोचा आहे का?" वन्सं म्हणाल्या आणि पुढे सरसावल्या. पण पायांत लोकरी मोजे!

"वन्सं, मोजे काढा. यंत्राला तळवे लागतात."

"मला गारठा बाधतो. मोज्यातूनच बघायला सांगा त्याला."

"ते ऐकत नाही कुणाचं."

"मग तुमच्या घरात बरं रमलंय!"

शेवटी मोजे निघाले. वन्सं काट्यावर चढल्या आणि एका हाताने हळूच कपाटाचं हँडल धरलं.

"कपाट सोडा, वन्सं."

"तोल जातो माझा."

"तोल नाही, वजन जातं! सोडा बघू!"

त्यांनी कपाट सोडलं. काटा दचकला. अठ्ठ्याऐंशी किलो! आणि शरीराचं वय शंभराला टेकलं. वन्सं खाली उतरल्या, मोजे चढवले आणि गंभीरपणे म्हणाल्या, "वहिनी, हे यंत्र माणसाचं वय नाही, मनातला हेवा मोजतं. यंत्र ज्याच्या घरी, त्याच्या मनातला." आणि चहा न घेता निघाल्या. जिन्यात थांबून दोन बिस्किटं मात्र मागून घेतली.

इतकी कृतकृत्य मी निवृत्तीच्या दिवशीसुद्धा झाले नव्हते. आणि अशा विजयाच्या भरात दारावर रद्दीवाला आला.

या रद्दीवाल्याशी माझा वर्षानुवर्षांचा सलोखा आहे. माणूस सोन्यासारखा, पण त्याचा तो हातात धरायचा स्प्रिंगचा काटा! त्याच्यावर हत्ती टांगला तरी शेळीएवढा भरेल.

"अकरा किलो, आजी," तो म्हणाला.

"थांब!" मी म्हटलं. "आज शास्त्र आहे माझ्या घरात."

मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा काचेच्या काट्यावर ठेवला. काट्यावर अक्षरं उमटली, 'कृपया अनवाणी उभे राहा.' गठ्ठा काही बोलला नाही. मग आकडा आला. चौदा!

"बघ! तीन किलो कुठे गेले?"

"आजी, माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुझ्यावर आहे रे. तुझ्या काट्यावर नाही!"

तो बिचारा डोकं खाजवत आकड्याकडे पाहत उभा राहिला, आणि तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली. असं वाटलं, की कुणीतरी पिंप गडगडत वर आणतंय. दार उघडंच होतं. दारात माझा मुलगा! टाय पाठीवर गेलेला, चेहरा टोमॅटोसारखा, हातात एक भली मोठी रिकामी बॅग.

"आ... आ... आई!"

"अरे, झालं काय? ऑफिस नाही का आज?"

त्याने माझे दोन्ही दंड चाचपले. मग गालाला हात लावला. मग रद्दीवाल्याकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसला. मी पाणी दिलं. ते पिऊन त्याने फोन माझ्या हातात ठेवला.

काट्याला बिचाऱ्याला माझं एकटीचंच नाव माहीत होतं! जो कुणी उभा राहील तो म्हणजे मी. मुलाच्या फोनवर सकाळपासून मीच उभी राहत होते. चोपन्न किलोची मी आधी एकोणचाळीस झाले. मग एकाहत्तर. मग अठ्ठ्याऐंशी आणि वय शंभर. एवढ्यावर त्याने मला फोनवर फोन केले. पण फोन उशीखाली. तरीही तो मन घट्ट करून मीटिंगला बसला. आणि साहेब बोलत असतानाच शेवटचा निरोप आला. वजन चौदा किलो. चरबी नाही. पाणी नाही. हाडं नाहीत. खाली फुलांचं चित्र आणि मजकूर, 'अभिनंदन! आपण चौऱ्याहत्तर किलो वजन घटवलेत! असेच पुढे चला!'

"मी भर मीटिंगमध्ये उठलो," मुलगा धापा टाकत म्हणाला, "आणि ओरडलो, 'सर, माझी आई चौदा किलोची झाली!'"

"मग साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, 'अभिनंदन, नाव काय ठेवलं?'"

रद्दीवाला आधी हसला. मग मी. मुलगा मात्र हसला नाही. तह झाल्यापासून गाडीत तयारच ठेवलेली ती बॅग त्याने टेबलावर ठेवली आणि चेहरा कडक केला.

"हसू नकोस, आई. बाकीचं जाऊ दे. मी एवढे फोन केले, तू घेतला नाहीस. खरंच काही झालं असतं तर? आकडे बिघडले की वाद घालायचा नाही, असं ठरलं होतं. चल, बॅग भर."

फोनच्या बाबतीत तो बरोबर होता. माझी नजर स्वयंपाकघराकडे गेली, गॅलरीतल्या दोरीवर गेली. तह म्हणजे तह. पण तेवढ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी उभी बोलत होते आणि तो अजून खुर्चीत बसून धापा टाकत होता. दोनच मजले तर चढून आला होता!

"भरते," मी म्हटलं. "पण त्याआधी तू एकदा काट्यावर उभा राहा."

"मी कशाला?"

"यंत्र खोटं बोलत नाही ना?"

रद्दीवाल्याने तत्परतेने गठ्ठा उचलला. मुलाने बूट काढले आणि उभा राहिला. शरीराचं वय शहाण्णव!

"छे!" तो उसळला. "हे तुझी उंची आणि तुझं वय धरून हिशेब करतंय. मला बाईमाणूस समजतंय ते! थांब, माझं खातं उघडतो." त्याने फोनवर नाव घातलं, उंची घातली, वय एकोणपन्नास घातलं, दोनदा तपासलं. मग सदऱ्याची बाही सावरून, छाती काढून पुन्हा उभा राहिला. मी आणि रद्दीवाला दोन बाजूंनी वाकलो.

काट्याने विचार केला. डोळे मिचकावले.

त्रेसष्ट!

रद्दीवाल्याने बोटांवर हिशेब केला आणि अदबीने म्हणाला, "म्हणजे आजी, साहेब तुमच्यापेक्षा एका वर्षानं मोठे!"

मुलगा पुन्हा चढला. पुन्हा त्रेसष्ट. खिशातलं पाकीट काढून चढला. त्रेसष्ट. मग हळूच त्याचा हात कपाटाच्या हँडलकडे गेला. आत्यावर गेलाय, दुसरं काय!

मी आतून फोन आणला आणि सूनबाईला लावला. सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "आई, मी दोन वर्षं सांगतेय यांना. रात्री बाहेरून मागवून खातात, लिफ्टशिवाय हलत नाहीत. माझं ऐकत नाहीत, तुमचं तरी ऐकतील. ठेवून घ्या ना तुमच्याकडे थोडे दिवस!"

"अगं, पण..."

"कपडे संध्याकाळी पाठवते!" आणि फोन बंद. इतक्या झटपट तर आमच्या एक्स्चेंजमध्येसुद्धा लाइन तुटायची नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. मुलाला रोज जिने उतरवते, चढवते, संध्याकाळी बागेला तीन फेऱ्या मारायला लावते. वाटेत कुणी भेटलं तर ताठ मानेने ओळख करून देते, "हा माझा मुलगा. माझ्याकडेच असतो. वय झालंय ना त्याचं, जपावं लागतं!" वन्संनाही कळवलंय. त्या दोन दिवस फोनवर आल्या नाहीत.

बॅग भरण्याचा विषय पुन्हा कुणी काढलेला नाही. फोन मात्र मी आता कमरेला बांधूनच हिंडते. मुलाचा आकडा खाली येतोय, पण सावकाश. त्याला घाईही दिसत नाही. माझ्या हातचं आयतं जेवतो, माझ्या पलंगावर आडवा होतो आणि गॅलरीची दोरी त्याच्या शर्टांनी भरलेली असते. मी बैठकीतल्या कोचावर झोपते.

एकटीने राहण्याचा हक्क मी असा वाजतगाजत जिंकले. आता तो बजावायला घर तेवढं रिकामं मिळायला हवं!