तेरा अंड्यांखालचा कॅशबॅक

फॉर्म भरावा तर हेमराजनं! हे मी नाही म्हणत, आमचं गाव म्हणतं. रेशनकार्ड असो की धानविक्रीची नोंदणी, लोक माझ्याच ओसरीवर येऊन बसतात. म्हणून वडशाच्या दुकानात फ्रिजवर दोन हजारांच्या कॅशबॅकचा कागद दिसला, तेव्हा फ्रिजच्या किमतीला कमी पडणारे दोन हजार मी मायच्या चष्म्यासाठी ठेवलेल्या पैशातून बिनधास्त मोजून दिले.

"माय, पंधरा-वीस दिवसात वापस येतेत!" मी छातीठोक सांगितलं.

मायला जवळचं फार कमी दिसतं. तांदळातले खडे ती आता बोटांनी शोधते. तरी "ठीक हाय बापा," एवढंच म्हणाली.

काम सोपं होतं. खोक्यावरचं बारकोडचं लेबल कापायचं, बिलासोबत पोस्टानं पाठवायचं अन् दोन्हीचे फोटो कंपनीच्या वेबसाइटवर टाकायचे. मुदत पंधरा दिवस. पाचव्या दिवशी सवडीनं कात्री घेऊन उठलो, तर खोका गायब!

"ज्योत्स्ना, खोका कुठी हाय?"

"मायनं कापला," बायको म्हणाली. "त्यात कोंबडी बसवली."

मी घरामागच्या सपरीत धावलो. खोक्याच्या बुडात लेबलाची पट्टी आत दुमडलेली, तिच्यावर धानाचं तणीस, तणशीवर तेरा अंडी, अन् त्यांच्यावर तांबडी कोंबडी ठाणेदारासारखी बसलेली!

"माय, उठव तिले! दोनच मिनिटं!"

"बसलेल्या कोंबडीच्या अंड्याले हात लावाचा नाई. एकवीस दिवस."

"अवो, पंधरा दिवसाची मुदत हाय! तुह्याच चष्म्याचे पैसे हायेत!"

"मंग तिलेच सांग मुदत," माय म्हणाली.

कोंबडी दिवसातून एकदा दाणे टिपायला उठायची, पण तेव्हा माय तिथंच राखण करत बसायची. शेवटी चौदाव्या दिवशी माय धान कापायला गेली अन् मी ब्लेड घेऊन सरकलो. डाव्या हातानं कोंबडी अलगद उचलायची, उजव्यानं पट्टी कापायची. तिनं पहिली चोच अंगठ्यावर मारली, दुसरी मनगटावर, तिसरी थेट नाकावर! "मेलो वो!" म्हणून मी मागं पडलो. कोंबडी घरात घुसून नव्या फ्रिजवर चढली. एक अंडं फुटलं, तेही नेमकं बारकोडवर! मी लेबल पुसलं, कापलं, बाकीची अंडी परत मांडली. कोंबडीला खाली उतरवायला ज्योत्स्नाला अर्धा तास तांदूळ फेकावे लागले.

संध्याकाळी मायनं हात फिरवून अंडी मोजली.

"बारा हायेत," ती म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या अंगठ्याला हळद लावली अन् चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वडशाला जाऊन लेबल रजिस्टर पोस्टानं पाठवलं, फोटो चढवले. उत्तर आलं, 'तुमचा अर्ज विचाराधीन आहे.' महिना गेला, दोन गेले. "आलेच समज!" मी रोज सांगायचो अन् माय तांदूळ चाचपत मान हलवायची. मला फार लाज वाटायची. तिकडं बारातून अकरा पिल्लं निघाली, पाहता पाहता मोठी झाली. एका बाजाराला मायनं ती टोपलीत घालून नेली, विकली, अन् पुढच्या बाजाराहून चष्मा लावूनच घरी आली!

त्याच दिवशी मोबाइलवर आलं, 'अर्ज नामंजूर.' मी कंपनीला शिव्या घालत दुकानातून आणलेला योजनेचा कागद आपटला. मायनं तो उचलला. चौथी शिकलेली माझी माय, एकेक शब्द जोडत अगदी खालची बारीक ओळ वाचू लागली.

"ही... योजना... फक्त... दोन... दारांच्या... फ्रिजसाठी... आहे."

आम्ही तिघांनीही फ्रिजकडं पाहिलं. त्याला एकच दार होतं.

मायनं चष्मा काढला, पदरानं पुसला अन् माझ्यापुढं धरला.

"घे बापा. आधी तुलेच पायजे होता."

लोक अजूनही फॉर्म घेऊन माझ्याच ओसरीवर येतात. सही कुठं करायची ते मी दाखवतो. खालची ओळ मात्र माय वाचते.