मागे फिरणारी वीज

२० एप्रिल २००४. चटणीसाठी मिरच्या भाजायला काढल्या होत्या. मिरची कढईत पडली की आमच्या गल्लीतली माणसं दारंखिडक्या लावून घेतात. एकटे मगदूम सर तेवढे तोंडाला रुमाल बांधून, हातात थर्मामीटर घेऊन, खोकत खोकत आमच्या परसात येतात.

"वहिनी, किती उष्णता वाया चाललीय!"

"सर, लांब व्हा. चटका बसेल."

"बसू दे की. फरक बघा, कढईतला आणि हवेतला. फरक पाहिजे, फरक! सगळं सारखं झालं की संपलं."

हे वाक्य गल्लीला पाठ होतं. लग्नाला गेले तरी सर अक्षता टाकून थेट आचाऱ्याच्या भट्टीपाशी. चहा निवला तर पीत नसत. खोलीशी त्याची तडजोड झाली म्हणत.

सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. उष्णतेतून वीज काढायची, आणि तीही साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या ठिपक्यातून, हा त्यांचा ध्यास. क्वांटम डॉट म्हणतात त्याला. सरांनी तो कधी पाहिला नव्हता. घरी जुन्या कॉम्प्युटरवर नुसतं गणित चालायचं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या बाबूभाईंना ते समजावताना मी ऐकलं होतं.

"तालमीचं बुटकं दार बघितलंय न्हवं? एका वेळी एकच गडी, तोही वाकून. तसे हे इलेक्ट्रॉन. एक बाजू तापवली की गडी एकेक करून थंड बाजूला पळतात. तीच वीज."

"त्येच्यावर माझा बल्ब लागंल काय?"

"नाही."

"मग कशाला पळवताय गरिबांस्नी?"

सर सगळ्यात मोठ्यानं हसले होते.

घरात मात्र हसणं कमी. मिसेस लवकर गेल्या. एकुलती एक प्राची. तिला शिवणकामाची आवड, सरांना वाटायचं, तिनं फिजिक्सच करावं. दुप्पट तापवलं की दुप्पट वीज, हा सरांचा नियम. तो त्यांनी पोरीलाही लावला. ती नको म्हणाली की सर दुप्पट बोलायचे. शेवटी तिचं शिलाई मशीन उचलून माळ्यावर टाकलं. पोरगी चंदगडच्या एका मुलाशी लग्न करून निघून गेली. फोन करायची, पण आमच्याकडे.

त्या दिवशी सरांनी थर्मामीटर कढईवर धरला खरा, पण बघेनात त्याच्याकडे.

"वहिनी, माझं गणित बरोबर होतं."

"मग तोंड का असं?"

"खूप तापवलं की वीज वाढायची थांबायची. आणखी तापवलं की उलटी फिरायची. कॉम्प्युटर दरवेळी हेच दाखवायचा. मी म्हणायचो, चूक आहे. खोडायचो, परत मांडायचो. आता परदेशात कुणीतरी हेच छापलंय. दुप्पटचा नियम थोड्या फरकाला चालतो. फरक फार वाढला की नुसती बाजू तापत नाही, मधला ठिपकाच बदलतो."

नाव दुसऱ्याचं झालं म्हणून सर हळहळतायत, असं मला वाटलं. दोन शब्द सांगणार, तोवर तेच म्हणाले, "समोर दिसत होतं. ऐकलं नाही मी. पोरीचंही तसंच केलं."

मिरच्या करपायला लागल्या होत्या. मी कढई उतरवली.

"सर, सकाळी प्राचीचा फोन होता. मुलगी झाली तिला."

ते पायरीवर बसले. बराच वेळ खोकले. मिरचीचाच खोकला असणार.

"माझं काही विचारलं?"

"नाही."

खोटं सांगून काय मिळणार होतं? "उद्या मी चाललेय बघायला. चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी स्टँडवर हजर. चंदगडच्या गाडीत खिडकीशी बसले. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं तसे उठले.

"वहिनी, मी गेलो की बोलायला लागणार. तिची चूक सांगणार, बाळाच्या झोपण्याचीही चूक काढणार. माझं मला ठाऊक आहे. तुम्ही जाऊन या. पोर कुणासारखी दिसते, तेवढं सांगा."

गाडीत माणसं चढत होती, वाद घालायची ती जागा नव्हती. सर उतरून फलाटावर उभे राहिले. मी रिकाम्या जागेवर पिशवी ठेवली आणि कंडक्टर आल्यावर चंदगडचं एक तिकीट घेतलं.