विहिणीच्या ओटीतली ट्यूब

सिद्धरामअण्णा आयुष्यात बायकोशी एकदाच खोटं बोलले, आणि तेही जांघेतल्या गजकर्णापायी. हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर रेक्झिनच्या खुर्चीवर बसून ते बळावलं होतं. गिऱ्हाइकासमोर खाजवता येईना आणि डॉक्टरला दाखवायची लाज. शेवटी त्यांनी मेडिकलमधून, शेजाऱ्याला हवी असं सांगून, एक ट्यूब आणली. महादेवीला ती आरशामागे सापडली तेव्हा अण्णांच्या तोंडून निघून गेलं, "तोंडाला लावायचं क्रीम हाय. उन्हानं काळवंडलोय."

नवऱ्याचं क्रीम बायकोला वर्ज्य थोडंच असतं? महादेवीने त्याच दिवसापासून ते चेहऱ्याला चोपडायला सुरुवात केली. काही दिवसांतच रंग असा उजळला की भिशीतल्या बायका खोदून खोदून विचारू लागल्या. इकडे अण्णांची खाजही थांबली होती. घरात आनंदीआनंद होता, त्यात खरं सांगून विघ्न कशाला आणायचं, म्हणून अण्णा गुपचूप नव्या ट्यूबा आणत राहिले.

अशात त्यांच्या विद्याश्रीचं शिरोळच्या मुलाशी जमलं. पोरीने स्वतः पसंत केलेलं स्थळ, घरदार चांगलं, अण्णा हवेत होते. सुपारी फोडायला आलेल्या विहीणबाई दानेश्वरी मात्र मुलीपेक्षा मुलीच्या आईच्या गालांकडेच बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, काय लावता? विहिणीने नावाजलेली वस्तू तिला दिल्याशिवाय पाठवायचं नाही, ही महादेवीच्या माहेरची रीत. तिने ओटी भरताना खण-नारळासोबत एक कोरी ट्यूब कुंकू लावून विहिणीच्या पदरात घातली. अण्णांचा पेढा घशातच अडकला.

महिन्याभराने महादेवीचा चेहरा लालबुंद झाला. उन्हात गेलं की आग, गालावर पुटकुळ्या, हनुवटीवर लव. एक दिवस क्रीम नाही लावलं तर चेहरा आणखीच पेटायचा, म्हणून ती दुप्पट लावायची. अखेर अण्णा तिला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब बघून कपाळाला हात लावला. यात स्टिरॉइड आहे, चेहऱ्याची कातडी त्याने पातळ होते, गजकर्ण वरून विझतं आणि आतून पसरतं, आणि कुणाचं औषध कुणी वापरू नये, हे सगळं त्यांनी शांतपणे समजावलं. मग विचारलं, घरात गजकर्ण कुणाला आहे?

महादेवीने नवऱ्याकडे बघितलं. नवरा भिंतीवरचं कातडीचं चित्र अभ्यासत होता.

घरी आल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "विहीणबाईंना तू सांग की. बायकाबायकांत बरं पडतंय."

"गजकर्ण तुमचं हाय," महादेवी म्हणाली, "तुमीच सांगा."

साखरपुडा तोंडावर आलेला. जांघेचं औषध कुंकू लावून ओटीत घातलं, हे कळल्यावर कुठली विहीण सोयरीक ठेवील? अण्णांना पोरीच्या तोंडाकडे बघवेना. पण गप्प बसावं, तर तिकडे विहिणीचा चेहरा जायचा. ते मनाचा हिय्या करून शिरोळला गेले.

दानेश्वरीबाईंचे गाल डाळिंबासारखे झाले होते आणि त्या ते तेज समजून मिरवत होत्या. अण्णांनी मान खाली घालून रोग, रोगाची जागा, ओटी आणि डॉक्टर, सगळं सांगून टाकलं. विहीणबाई तडक आत निघून गेल्या. व्याही शिवकुमार उठले आणि अण्णांना अंगणातल्या ट्रॅक्टरमागे घेऊन गेले. आता मोडलं, असंच अण्णा धरून चालले.

शिवकुमारांनी इकडेतिकडे बघितलं. "पावणं, खाज लगेच थांबती व्हय?"

"थांबती. पण मागनं दुप्पट येती."

"उसाच्या पाण्यात हुभं ऱ्हाऊन मला बी लई झालंय वं."

अण्णांनी जीव तोडून डॉक्टरांचं सगळं पुन्हा सांगितलं, शिरोळहून कोल्हापूरला त्याच डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जायची तयारी दाखवली. शिवकुमार प्रत्येक शब्दाला मान डोलवत होते. डॉक्टरचं शंभर टक्के खरं हाय म्हणाले, आणि घरात जाऊन बायकोशी बोलून परत आले. अण्णांच्या जिवात जीव आला.

"सोयरीक पक्की," शिवकुमार म्हणाले. "मानपानाचं काय मनात धरू नका. साखरपुड्याला येताना तसल्या दोन ट्यूबा तेवढ्या आणा."

"दोन?"

"तिची सरत आलीया. एक तिला, एक मला. कुणाचं कुणी वापरायचं न्हाय, असं डॉक्टर म्हणालं न्हवं?"