डिसेंबरात एक पाहुणा जास्त

आमचे शेजारी नाकाडे सर कुणालाही ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत. ते विचारतात, “मागच्या वर्षी याच महिन्यात कसे होते?” परवा मी तापाने फणफणलो होतो. सर उशाशी येऊन बसले. “मागच्या नोव्हेंबरातही ताप होता ना तुले? मंग भिऊ नको. हंगामी हाये.” आणि समाधानाने माझाच काढा पिऊन गेले.

सर चंद्रपूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले आणि इथे, ताडोबाच्या गेटाजवळ, आमच्या गावात घर बांधून राहिले. बायको आधीच गेलेली. माझा दोन खोल्यांचा होमस्टे. मग काय, सरांना आकडे मिळाले आणि मला फुकटचा भविष्यवेत्ता! पुढच्या महिन्यात किती विदेशी पाहुणे येणार, हे ते लॅपटॉपवर मांडतात. जुन्या वर्षांचे आकडे घालायचे, त्यातला महिन्या-महिन्याचा चढउतार पाहायचा आणि तोच पुढे सरकवायचा. “बारा महिन्यांनी सारं वापस येते बापा,” हा त्यांचा सिद्धांत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मान मात्र मी जाणकारासारखी हलवतो.

पावसाळ्यात गेट बंद. तेव्हाचा सरांचा अंदाज शून्य, आणि तो दरवर्षी तंतोतंत खरा ठरतो. त्याचे ते पेढे वाटतात. मीही खातो.

एकदा त्यांनी नोव्हेंबरात सहा विदेशी सांगितले. मी चंद्रपूरहून ब्रेड, जॅम, बटर पिशव्या भरभरून आणलं. आला एकच फ्रेंच माणूस, आणि त्याने चुलीपाशी बसून, तिखट मागून मागून झुणका-भाकर हाणली. आम्ही आठवडाभर ब्रेड खाल्ला. “आता सरायलेच बोलवा जेवाले,” माझी बायको मंदा म्हणाली. सर शांत. “तो अपवाद होता. अपवाद मी पकडत नाई.”

एवढं होऊनही मी त्यांचं ऐकतो. गाढव म्हणा हवं तर.

फक्त डिसेंबर मला गेली काही वर्षं खटकायचा. सरांचा आकडा तेव्हा हमखास एकाने जास्त निघायचा आणि मी बावळटासारखा एक खोली अडवून बसायचो. यंदा मी चिडवलंच. “सर, तुमचं मशीन डिसेंबरात भूत मोजते काय?”

सर हसले नाहीत. लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटून म्हणाले, “भूत नाई रे. वैशू हाये ते.”

वैशू म्हणजे त्यांची मुलगी. कॅनडात असते. लॉकडाऊनच्या आधी दर डिसेंबरात यायची, गीझर लागतो म्हणून माझ्याकडच्या खोलीत झोपायची.

“पासपोर्ट तिकडचा झाला तिचा. मंग विदेशीच धरा लागते ना.”

“पण सर, लॉकडाऊनपासून ती आलीच नाई.”

“अपवाद हायेत ते,” सर म्हणाले. “सारे अपवाद.”

मी नेहमीसारखी मान हलवली आणि घरी आलो. मंदाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली.

संध्याकाळी पुण्याच्या एका कुटुंबाचा फोन आला. नाताळात दोन्ही खोल्या हव्या होत्या. मी म्हटलं, एक भरलेली आहे. मंदा दारातच उभी होती. आता बोलणी बसणार, म्हणून मी फोनमध्ये डोकं खुपसलं.

“वैशूच्या खोलीतला गीझर तापते का, पाहून घ्या आधी,” ती म्हणाली.